मसाल्याच्या जागी मसाला

कोल्हापुरात मिसळीसोबत कटाची वेगळी वाटी येते. नागपुरात पोह्यांवर तर्री किती घालायची, ते गिऱ्हाईक सांगतं. दोन्हीकडे खालची उसळ किंवा पोहे तसे सौम्यच असतात. झणझणीतपणाचा मोठा वाटा वरच्या लाल तेलात असतो. त्यामुळे पहिलीतल्या पोराला आणि तालमीतून आलेल्या गड्याला एकाच पातेल्यातून वाढता येतं. मिसळवाल्यांनी ही सोय धंद्याच्या गरजेतून बसवली, पण तिच्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. घरी तिखट कमी-जास्त करताना, किंवा डब्यातला एखादा मसाला संपल्यावर त्याच्या जागी दुसरा घालताना, तेच शास्त्र कामी येतं.

पाककृतीत ‘दोन चमचे तिखट’ एवढंच लिहिलेलं असतं. ते ब्याडगीचं की लवंगीचं, यंदाचं की गेल्या वर्षीचं, यावर पदार्थाचं सगळं भवितव्य अवलंबून असतं आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं. गरम मसाला, चिंच, दालचिनी यांचंही तसंच. म्हणून कोणताही मसाला बदलण्याआधी एक प्रश्न विचारावा: या पदार्थात तो कोणतं काम करतो आहे? रंग देतो, जाळ देतो, वास देतो, आंबटपणा आणतो की रस्सा दाट करतो? बहुतेक मसाले यातली दोन-तीन कामं एकाच वेळी करतात. बदली शोधताना ती सुटी करून पाहावी लागतात.

तिखट तेलात राहतं

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन आणि त्याच्या भावंड-संयुगांमुळे येतो. शास्त्राच्या हिशेबात तिखट ही गोड-खारटासारखी चव नाही. जिभेवर आणि तोंडाच्या आतल्या त्वचेवर उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप देतात. कॅप्सेसिन याच ग्राहकांना चिकटतं आणि तोच निरोप जातो. कॅलिफोर्नियातले संशोधक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधून काढला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं, त्यात या शोधाचा मोठा वाटा होता.

स्वयंपाकघरासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वाफाळता रस्सा त्याच थंड झालेल्या रश्श्यापेक्षा जास्त तिखट लागतो, कारण खरी उष्णता आणि मिरचीची फसवी उष्णता एकाच दारावर धडकतात. गॅसवरून उतरवलेल्या रश्श्याचा थेंब चाटून ‘फार तिखट झालं’ असा निकाल देण्याची घाई करू नये. दुसरी गोष्ट, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलातुपात मात्र सहज विरघळतं. रश्श्याला तेल सुटतं तेव्हा तिखट आणि लाल रंग दोन्ही त्या तेलाबरोबर वर येतात. तर्री काढली की निम्मी लढाई संपते, ती यामुळेच.

ठसका लागल्यावर घटाघटा पाणी प्यायलं तरी जाळ हटत नाही, त्याचंही कारण हेच. दूध, दही, ताक उपयोगी पडतं, कारण दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला पकडून जिभेवरून सोडवतं. साय काढलेलं दूधसुद्धा हे काम करतं. मिरच्या कुटून हातांची आग होत असेल तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावं; नुसत्या पाण्याने ती आग हातभर पसरते.

कॅप्सेसिन उष्णतेला सहजी दाद देत नाही. जास्त वेळ शिजवलं की तिखट कमी होतं, ही समजूत चुकीची आहे. उलट अख्खी मिरची जितकी जास्त शिजेल तितकं तिखट रश्श्यात उतरतं.

मिरची एक नाही

मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यात आली आणि पश्चिम किनाऱ्यावरून देशभर गेली. नव्या जमिनीत तिच्या शेकडो जाती रुळल्या. एकट्या महाराष्ट्राच्या आसपासच्या पट्ट्यात नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गडहिंग्लज-संकेश्वर भागातली संकेश्वरी, गोव्यातल्या काणकोणची खोला, हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी अशा नामांकित मिरच्या पिकतात. ब्याडगीला २०११ मध्ये आणि खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तिखट मोजायची जुनी पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये काढली. तो डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीत होता आणि त्याला मिरचीचा अर्क औषधात वापरायचा होता. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की किती पट पातळ झालं ते मांडायचं. आज हे काम यंत्रं करतात, पण एकक स्कोव्हिलचंच आहे. ब्याडगीचा आकडा साधारण ८ ते १५ हजारांत असतो, गुंटूरच्या सन्नम मिरचीचा ३५ ते ४० हजारांत, तर काश्मिरी मिरचीचा बराच वेळा दोन हजारांच्या आसपास. ईशान्येकडच्या भूत जोलोकियाने २००७ मध्ये गिनीज बुकात जागा मिळवली ती दहा लाखांचा टप्पा ओलांडून. म्हणजे काश्मिरीच्या जागी तेवढंच गुंटूर तिखट घातलं तर जाळ दहा-वीसपट होऊ शकतो.

रंगाचं खातं मात्र वेगळं आहे. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिन वगैरे रंगद्रव्यांचा. त्याचा तिखटाशी थेट संबंध नाही. सुरकुतलेली ब्याडगी रंगाला गडद आणि जाळाला बेताची असते, म्हणून तिच्यापासून काढलेला रंगीत अर्क खाद्यपदार्थांपासून लिपस्टिकपर्यंत वापरला जातो. लवंगी आकाराने लहान, रंगाला साधी आणि तिखटाला जहाल.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणाऱ्या घरांना हे शिकवावं लागत नाही. लालबागच्या मिरची गल्लीत किंवा गावच्या कांडपावर मिरच्या नेताना रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी आणि तिखटासाठी संकेश्वरी, लवंगी किंवा गुंटूर असं मिश्रण ठरलेलं असतं. तिखट कमी करायचं असेल तर मिरचीचं एकूण वजन कमी न करता हे प्रमाण बदलतात. मसाल्याचा रंग तोच राहतो, रस्सा दाटही तितकाच होतो, फक्त जाळ उतरतो. दोन चमचे तिखटाच्या जागी अर्धाच चमचा घालणाऱ्याला मात्र फिका, पातळ रस्सा मिळतो आणि मग तो टोमॅटो घालून रंग भरत बसतो.

परदेशातल्या मराठी घरांत हीच जोडी वेगळ्या नावांनी जमते. तिकडची गोड पॅप्रिका रंगाचं काम करते आणि केयेन तिखटाचं. तीन भाग पॅप्रिका आणि एक भाग केयेन अशी सुरुवात करून पुढे आपापल्या जिभेप्रमाणे बदल करता येतो. धुरावलेली पॅप्रिका मात्र टाळावी, तिचा धुरकट वास आमटीत लपत नाही. अमेरिकेत आणखी एक फसगत होते. तिथल्या दुकानातली ‘चिली पावडर’ ही बहुधा नुसती मिरचीपूड नसते. त्यात जिरे, ओरेगॅनो, लसूणपूड मिसळलेली असते. शिकायला गेलेली मुलं पहिल्या आठवड्यात ती पोह्यांत घालतात आणि पोह्यांना मेक्सिकोचा वास येतो.

मिरची उघडली किती

मिरचीचं बी सर्वांत तिखट, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात कॅप्सेसिन तयार होतं ते बी ज्याला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढरट पापुद्र्यात आणि शिरांत. बियांना तिखट लागतं ते त्यांच्या सहवासाने. हिरवी मिरची उभी चिरून बियांसकट हा पांढरा भाग चमच्याने खरवडून काढला तर मिरचीचा वास आणि रंग जवळजवळ पूर्ण मिळतो आणि तिखट खूप उतरतं. भरल्या मिरचीत हेच करतात.

तिखटावर ताबा ठेवायचा आणखी सोपा मार्ग सुरीच्या पात्यावर आहे. अख्खी मिरची फोडणीत टाकली तर वास येतो, तिखट थोडं. मधे चीर दिली की जास्त, बारीक चिरली की त्याहून जास्त आणि वाटून घातली की सगळंच. त्याच दोन मिरच्यांनी चार पातळ्यांचं तिखट साधतं. लहान मुलं असलेल्या घरात वरणाच्या फोडणीत अख्खी सुकी मिरची टाकून नंतर ती काढून घेतात, ते याच हिशेबाने.

हिरव्या मिरचीच्या जागी लाल तिखट घालताना लक्षात ठेवायचं की ताज्या मिरचीत बहुतांश पाणी असतं. सुकल्यावर वजन कितीतरी पटीने घटतं आणि तिखट तेवढ्याच पटीने दाट होतं. शिवाय हिरवीचा तो कच्चा, तरतरीत वास सुकल्यावर उरत नाही. कांदेपोहे, कोथिंबिरीची चटणी किंवा पिठल्यात लाल तिखट घातलं तर पदार्थ होतो, पण वेगळा पदार्थ होतो.

मिरचीआधीचं तिखट

मिरची येण्याआधीही या भागातलं जेवण सपक नव्हतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात खाद्यपदार्थांचं मोठं प्रकरण आहे. तिथे मिरे, आलं, हिंग, मोहरी भेटतात. ज्यांना मिरची सोसत नाही त्यांच्यासाठी ही जुनी मंडळी आजही हजर आहेत, फक्त प्रत्येकीचा जाळ वेगळा आहे.

मिऱ्यांतलं पायपरीन कॅप्सेसिनच्याच ग्राहकाला चिकटतं, पण त्याचा जोर कितीतरी कमी असतो. मिऱ्यांचा वास उडून जाणारा असल्याने ते शेवटी भरडून घालावेत. कोल्हापूरचा पांढरा रस्सा हा मिरचीपूड न वापरता केलेल्या मांसाहारी रश्श्याचा उत्तम नमुना आहे. त्याच मटणाच्या पाण्यातून शेजारच्या पातेल्यात तांबडा रस्सा शिजतो. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस किंवा काजू-तीळ आणि खडा मसाला असतो. ज्यांच्या घरी पथ्य आहे त्यांनी तांबड्याचं तिखट घटवत बसण्यापेक्षा पांढऱ्याची वाट धरणं शहाणपणाचं.

आल्याची गंमत अशी की सुकल्यावर त्याचं तिखट वाढतं. ताज्या आल्यातल्या जिंजेरॉलचं सुकताना शोगॉलमध्ये रूपांतर होतं आणि ते अधिक जहाल असतं. शिजवल्यावर मात्र जिंजेरॉलचा काही भाग झिंजेरोन होतो, जो मवाळ आणि गोडसर असतो. म्हणून चहात आल्याच्या जागी सुंठ घालताना मोठा तुकडा आणि मोठी चिमूट असा सरळ हिशेब लावू नये. पाव चमचा सुंठ कपभर चहाला भारी पडते.

मोहरीचं तर वेगळंच. फोडणीत तडतडलेली मोहरी तिखट लागत नाही, खमंग लागते. तीच मोहरी पाण्यात वाटून फेसली की नाकात झिणझिण्या येतात. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक विकर कामाला लागतं आणि तिखट तेल तयार होतं. उष्णता लागली की हे विकर निकामी होतं. म्हणून लोणच्यासाठी मोहरी थंड पाण्यात फेसायची आणि पदार्थ गॅसवरून उतरल्यावरच घालायची. वसाबीचा नाकात जाणारा झटका याच संयुगाचा असतो. परदेशात फेसलेल्या मोहरीच्या जागी तिथली सुकी मोहरीपूड थंड पाण्यात कालवून, दहा मिनिटं ठेवून वापरता येते. बाटलीतला तयार मस्टर्ड सॉस चालत नाही, कारण त्यात व्हिनेगर आणि अनेकदा साखरही असते.

कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ भाजत नाही, मुंग्या आणतं. त्याचा वापर टरफलापुरताच; आतलं काळं बी काढून टाकायचं, हलकं ठेचून शेवटी घालायचं. चिनी दुकानात मिळणारी सिचुआन मिरी याच कुळातली असल्याने लंडन-न्यूजर्सीच्या मालवणी घरांत ती तिरफळाच्या जागी बसते. मात्र वास थोडा जास्त लिंबासारखा असतो, म्हणून कमी घालावी. साधे मिरे घालून तिरफळाचं काम होत नाही.

भाजी तिखट झालीच तर

पहिला उपाय वरचं तेल पळीने काढून घेण्याचा. वेळ असेल तर रस्सा थंड करावा, तेल गोळा होऊन वर बसतं. ते टाकून द्यायचं नाही. ज्यांना हवं त्यांना कट म्हणून वाढता येतं. दुसरा उपाय प्रमाण वाढवण्याचा. मसाला न घातलेली शिजलेली डाळ, उसळ, भाजी किंवा बटाटे त्यात मिसळले की तिखट वाटलं जातं. दुप्पट केलं की निम्मं होतं, पण मीठ आणि आंबटपणाही निम्मा होतो. तो पुन्हा जुळवावा लागतो. बटाटा तिखट ‘शोषून घेतो’ म्हणतात, त्यात एवढंच तथ्य आहे की त्याने पदार्थ वाढतो आणि थोडा रस्सा त्याच्यात मुरतो. तो बटाटा बाहेर काढून टाकला तर फारसं काही साधत नाही.

तिसरा उपाय स्निग्धतेचा: नारळाचं दूध, काजूची पेस्ट, दाण्याचा कूट, तीळ, साय, फेटलेलं दही. दही घालताना गॅस बंद ठेवून किंवा चमचाभर बेसन फेटून घातलं तर फाटत नाही. गूळ आणि साखर तिखटाची जाणीव थोडी दबवतात. चिंच-गुळाच्या आमटीत ते शोभतं, मटणात नाही. लिंबाने चव उजळते आणि जिभेचं लक्ष दुसरीकडे जातं, पण कॅप्सेसिन तसूभरही घटत नाही. नुसतं पाणी ओतणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. रस्सा पातळ होतो, तेल तसंच वर तरंगतं आणि पहिला घास पूर्वीइतकाच भाजतो.

तयार मसाल्यांची अदलाबदल

गोडा मसाला, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, गरम मसाला. सगळे एकाच चमच्याने मोजले जातात, पण आतला ऐवज फार वेगळा असतो. गोड्या मसाल्याचा बराचसा भाग धने, सुकं खोबरं आणि तीळ यांचा. लवंग, दालचिनी, दगडफूल वगैरे वासाचे जिन्नस त्यात थोडे. त्याउलट उत्तरेकडच्या धाटणीच्या गरम मसाल्यात वेलदोडा, लवंग, दालचिनी, मिरे यांचंच राज्य. भरल्या वांग्यात चमचाभर गोड्या मसाल्याच्या जागी चमचाभर गरम मसाला गेला की वांगी पुलावासारखी लागतात. अशा वेळी पाव चमचा गरम मसाला, पाऊण चमचा धनेपूड आणि भाजून कुटलेलं तीळ-खोबरं असं मिश्रण मूळ चवीच्या बरंच जवळ जातं. दगडफुलाचा मातकट, खोल वास मात्र त्यात येणार नाही. आमटीत तो नसल्याचं सहज कळत नाही, मसालेभातात कळतं.

कोल्हापूर-सातारा पट्ट्यातल्या कांदा-लसूण मसाल्यात मिरची हाच मुख्य जिन्नस असतो आणि बहुतेक वेळा मीठही असतं. तो घातल्यावर वेगळं तिखट घालायचं नाही आणि मीठ चाखूनच टाकायचं. तो संपला असेल तर लाल तिखट, धने-जिरेपूड, तेलात लालसर परतलेला कांदा-लसूण आणि थोडं भाजलेलं खोबरं यांनी काम भागतं. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजाचा बॉटल मसाला अनेक जिन्नसांचा असतो आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. उजेड आणि हवा दोन्हींपासून बचाव होत असल्याने तो वर्षभर टिकतो. पारदर्शक बरणीत खिडकीशी ठेवलेल्या तिखटाचा रंग काही महिन्यांतच विटतो, आणि मग रंगासाठी जास्त तिखट पडून जाळ वाढतो.

उपवासाची शाळा

मराठी घरांना मसाले बदलायची सवय उपवासाने आणि चातुर्मासाने लावली आहे. उपवासाच्या बटाट्याच्या भाजीत मोहरी, हिंग, हळद चालत नाही. तेलाच्या जागी तूप येतं, मोहरीच्या जागी जिरे, तिखटाच्या जागी हिरवी मिरची, रश्श्याला दाटपणा यायला दाण्याचा कूट, आंबटपणाला आमसूल किंवा लिंबू. प्रत्येक निषिद्ध जिन्नसाचं काम करणारा दुसरा जिन्नस कोणीतरी कधीतरी नेमून ठेवला आहे. मौज अशी की साबुदाण्याचा कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. एकादशीच्या खिचडीत जुनं म्हणावं असं तूप, जिरे आणि मीठच उरतं.

चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांत त्यांचं काम हिंग करतो. हिंगाचा उग्र दर्प गंधकाच्या संयुगांचा असतो. कांदा-लसणाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. त्यामुळे ही बदली उलटीही चालते: हिंग नसेल तर ठेचलेली लसणीची पाकळी फोडणीत टाकावी. भारतात वापरला जाणारा हिंग प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचं देशातलं पहिलं रोप लावलं. डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचे घटक वाचावेत. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो.

रेणू सारखे, बदली सोपी

काही जोड्या विचित्र वाटतात, पण जमतात. ओव्याचा वास थायमॉलचा. युरोपी थाइममध्येही तेच असतं. ओवा नसलेल्या गावी भज्यांच्या पिठात चिमूटभर सुकी थाइम चालते. बडीशेप आणि बादयान यांची झाडं एकमेकांशी नात्याने दूर, पण दोघांत अॅनेथॉल भरपूर असतं. लवंगेतलं युजेनॉल ऑलस्पाइसमध्येही असल्याने पुलावात एकाच्या जागी दुसरं खपून जातं.

नावं किंवा झाडं सारखी असली तरी बदली जमेलच असं नाही. धने आणि कोथिंबीर एकाच झाडाची, वास पूर्ण वेगळे. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याच्या पानावर देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. परदेशी दुकानातलं बे लीफ लॉरेल झाडाचं, एकाच मधल्या शिरेचं आणि निलगिरीची आठवण करून देणाऱ्या वासाचं. तमालपत्र नसेल तर बे लीफपेक्षा दालचिनीचा छोटा तुकडा आणि एक लवंग घालणं बरं. बाजारात दालचिनी म्हणून विकली जाणारी जाड, टणक साल बहुधा कॅसियाची असते. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ थरांची आणि मवाळ. मसाल्यात कॅसिया चालते, शिऱ्यात-खिरीत पातळ सालीची जास्त शोभते. मोठा मसाला वेलदोडा धुरावर सुकवलेला असतो, तो श्रीखंडात घालायचा नाही. पुरणात मात्र वेलदोड्याच्या जागी जायफळ निःशंक घालावं.

आंबटाचंही तसंच. कोकम, चिंच, कैरी, टोमॅटो, लिंबू, दही ही सगळी आंबट असली तरी एकमेकांच्या जागी डोळे मिटून बसत नाहीत. आमसूल रस्सा गढूळ न करता आंबट करतं. चिंचेचा कोळ रस्सा दाट आणि काळपट करतो आणि त्याला उकळी लागते. लिंबू गॅस बंद केल्यावरच. माशाच्या कालवणात आमसुलाच्या जागी कैरीच्या फोडी सर्वांत जवळच्या. चिंच चालते, टोमॅटोने कालवण गोडसर होतं. कढीपत्त्याला मात्र वारस नाही. सुकलेल्या पानांत वास नाममात्र उरतो, म्हणून ताजा मिळेल तेव्हा धुऊन, कोरडा करून फ्रीझरमध्ये ठेवावा.

वेळ, वय आणि जीभ

खड्या मसाल्याच्या जागी पूड घालताना प्रमाणाइतकीच वेळही बदलते. जिरे गरम तेलात फुलतात. जिरेपूड त्याच तेलात क्षणात जळते आणि कडू होते. लाल तिखटाचं त्याहून वाईट. पूड घालायची असेल तर कांदा-टोमॅटो परतून झाल्यावर, थोडा ओलावा असताना घालावी. पूड लवकर शिळीही होते, कारण दळल्यावर वासाची तेलं उडायला मोकळी होतात. जुन्या धनेपुडीला तळहातावर चोळूनही वास येत नसेल तर दोन चमचे घालून काही मिळणार नाही; एक चमचा ताजे धने भाजून कुटावेत.

चाखणारी जीभ हेही मापच आहे आणि ते स्वयंपाक करताना बिघडतं. कॅप्सेसिन वारंवार लागलं की ग्राहक काही काळ मंदावतात. चार वेळा चाखून झालेल्या स्वयंपाक्याला पाचव्यांदा रस्सा मिळमिळीत वाटतो आणि तो आणखी तिखट टाकतो. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्यावं, तेही चमच्याने नव्हे, घासभर भातावर किंवा भाकरीच्या तुकड्यावर, कारण पाहुणे ते तसंच खाणार असतात. सोलापूरच्या घरात वाढलेली आणि पुण्याच्या पेठेत वाढलेली जीभ एकाच पंगतीला असेल तर पातेल्यात सौम्य तिखट ठेवावं. खर्डा, ठेचा, लसणीची सुकी चटणी आणि तापल्या तेलात परतलेल्या तिखटाची वाटी ताटाच्या डाव्या बाजूला ठेवावी.

पहिल्यांदा बदली करताना एका वेळी एकच जिन्नस बदलावा आणि तोही अर्ध्या प्रमाणाने सुरू करावा. जमलं की पाककृतीच्या वहीत नुसतं ‘तिखट’ असं लिहू नये. ‘ब्याडगी दीड चमचा, संकेश्वरी पाव चमचा, यंदाची’ असं लिहावं, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा अंदाज करावा लागणार नाही.